चौथ्या वाटेवरचा ताल

मित्रांनो, गोष्ट सांगण्याआधी तुम्हाला एक काम देतो. डोळे मिटा आणि ओठही घट्ट मिटा. आता असं समजा, की तुमच्या तोंडात एक गाणं आहे. पुरं झालेलं नाही, थोडं बाकी राहिलेलं. तेवढ्यात कुणीतरी तुम्हाला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर नेऊन ठेवलं. एका अंगाला मोडका पंखा, दुसऱ्या अंगाला तळ गेलेली बादली. ते गाणं गाताही येत नाही आणि गिळताही येत नाही. किती वेळ तग धराल?

उघडा डोळे. मला ठाऊक होतं, फार वेळ जमायचं नाही. मी मात्र वर्षानुवर्षं तसाच पडून होतो. त्याला धीर म्हणू नका. यंत्राला पडून राहण्यावाचून दुसरं काय येतं?

मी घरच्या घरी गाणी भरण्याचा एक जुना कॅसेट रेकॉर्डर आहे. रंग करडा, कोपरे घासलेले, अंगावर सरकत्या बटणांची रांग आणि कपाळावर चार काचेच्या खिडक्या. प्रत्येक खिडकीत एक बारीक सुई. आवाज आत आला की सुई नाचते, आवाज थांबला की आडवी होते. आता मी फार दमलो आहे. तेव्हा मध्येच थांबलो तर रागावू नका, आणि हलवून तर मुळीच पाहू नका.

माझा जन्म एका मोठ्या, स्वच्छ कारखान्यात झाला. लांबलचक टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना माना खाली घालून बसलेली माणसं. माझ्या पोटात एक चिमुकला धातूचा तुकडा आहे, त्याला हेड म्हणतात. कॅसेटची फीत त्याला घासून जाते तेव्हाच तिच्यावरचा आवाज मला कळतो. ते हेड केसभर तिरकं झालं तरी गाणं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. एका चष्मेवाल्या बाईंनी कानाला हेडफोन लावून ते सरळ केलं. बारीक पेचकसाने इवलासा स्क्रू फिरवला, थांबल्या, पुन्हा जरासा मागे घेतला. मग त्या स्क्रूवर लाल लाखेचा एक थेंब सोडला. "आता याला कुणी हात लावायचा नाही," असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या. आयुष्यातलं मला मिळालेलं ते पहिलं औक्षण समजा.

साध्या टेपरेकॉर्डरचा मी चुलतभाऊ. पण चुलतच! सख्खा समजून वागाल तर फसाल. कसं, ते आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

कॅसेटची फीत म्हणजे एक अरुंद रस्ता. त्यावर शेजारी शेजारी चार वाटा असतात. साध्या यंत्रात दोन वाटा जाण्याच्या आणि दोन येण्याच्या. एक बाजू संपली की कॅसेट उलटायची, मग उरलेल्या दोन वाजतात. माझं तसं नाही. मी चारही वाटांवरून एकाच दिशेने जातो आणि दुप्पट वेगाने जातो. म्हणून एका वाटेवर एक आवाज भरायचा, तो ऐकत ऐकत दुसऱ्या वाटेवर दुसरा भरायचा, मग तिसरा, मग चौथा. घरात माणूस एकच असलं तरी गाणारे चार! मात्र माझी कॅसेट साध्या यंत्रात घातलीत, तर दोन वाटा रेंगाळत वाजतात आणि उलटून घातल्यावर उरलेल्या दोन चक्क शेपटीकडून तोंडाकडे वाजतात.

मला घरी आणलं ते एका शिंपीणबाईंनी. तरुण होत्या, हात चलाख आणि गळा त्याहून चलाख. एका वाद्यवृंदाला त्यांनी सगळ्यांचे कोट शिवून दिले आणि बदल्यात मला मागून घेतलं. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणायचा. पुढे त्याची मुलगी त्यांना आत्या म्हणू लागली. मीही आत्याच म्हणतो. ज्याला त्याला आपल्या मालकाचं मोठेपण सांगायला नात्याचा शब्दच बरा.

आत्याची शिवणाची खोली मागच्या बाजूला होती. भिंतीला टेकून कापडाचे गठ्ठे, दोरीवर अर्धवट शिवलेले झगे, दारावर जाड गोधडी. कापड आवाज पिऊन टाकतं, त्यामुळे त्या खोलीत शब्द घुमत नसे. जसा सुटे तसा स्वच्छ माझ्यापर्यंत येई. मोठ्या स्टुडिओत यासाठी माणसं काय काय करतात म्हणे. इथे ते फुकटात, इस्त्रीच्या वासासकट होतं.

आत्याची रीत ठरलेली होती. चौथी वाट तालाची, आणि ती सगळ्यात आधी भरायची. पायाच्या शिलाई मशीनखाली टॉवेलाची घडी ठेवायची, घडीवर माईक, आणि पाय चालवायचा. खट्‌खट्‌ खटाखट्‌, खट्‌खट्‌ खटाखट्‌. तो झाला आमचा ताल. मग त्या तालावर उरलेल्या तीन वाटांवर तीनदा गायचं, तीन निराळ्या सुरांत. त्या तिघींना आत्याने नावंही ठेवली होती. पहिल्या वाटेवरची थोरली, दुसरीवरची मधली, तिसरीवरची धाकटी.

"आज धाकटीचा घसा बसलाय," आत्या म्हणायची, "तिला उद्या घेऊ."

भाऊ दारातून डोकावून चिडवायचा. "ताई, भांडायला घरात कुणी नव्हतं म्हणून तीन बायका जमवल्यास होय?"

"चौथी तुझी येईल तेव्हा बघू! मग तूच या खोलीत लपायला येशील."

माप द्यायला आलेली मुलं टाचण्या टोचतील म्हणून अंग चोरून उभी राहायची. तेव्हा आत्या मला चालू करी. मुलं टाचण्या विसरून विचारायची, "त्या बाकीच्या दोघी कुठे बसल्यात?" आणि टेबलाखाली वाकून बघायची. मित्रांनो, माझ्या कौतुकाचे दिवस ते हेच. माझं एखादं बटण सैल झालं की आत्या स्वतः घट्ट करायची. काम संपलं की कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन हेड पुसायची आणि वर मऊ कापड पांघरायची. त्या काळी मी एकदाही मध्येच थांबलो नाही.

मग आत्याचा गळा दुखू लागला. आधी काढे झाले, मग गोळ्या झाल्या आणि शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलं. आवाज राहील का, या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. आत्याला जे कळायचं ते कळलं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी ती माझ्यासमोर बसली. नवी कॅसेट घातली. पण मशीनखाली माईक ठेवला नाही.

"ताल आधी नाही का घ्यायचा?" भावाने विचारलं.

"आज गाणं आधी," आत्या म्हणाली. "तालाचं काय, पाय आहेत तोवर केव्हाही देता येईल."

आणि तिने गायलं. बटणाचं साधं गाणं होतं, मुलांसाठी तिनेच रचलेलं.

बटण गेलं गडगडत,
सुई बसली हळहळत,
धागा म्हणे, येईल परत,
काज बसलंय वाट बघत.

थोरली झाली, मधली झाली. धाकटीच्या वेळी गळा इतका दुखत होता की प्रत्येक ओळीनंतर ती थांबून पाणी पीत होती. तरी सूर हलला नाही. तीन वाटा भरल्या. फीत मागे गुंडाळून तिने मला बंद केलं. चौथी वाट कोरीच राहिली.

ती परत आली तेव्हा तिच्या गळ्यातून सूर नाही, फक्त खरखर येत होती. जाड कापडावरून शिंप्याचा खडू ओढावा तशी. हाक मारायची झाली तर ती बोटातलं अंगुस्तान, ती शिवणाची धातूची टोपी, टेबलावर टक्‌टक्‌ वाजवायची. माझ्याकडे तिने बरेच दिवस पाहिलं नाही. मग एकदा पाहिलं, चादर आणली, आतल्या कॅसेटसकट मला गुंडाळलं आणि भावाला वर बोट दाखवलं. माळ्याकडे.

राग नाही आला मला. आपलंच गाणं समोर बसून आपल्याकडे बघत असेल, तर शिवणात लक्ष कसं लागावं?

त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. माळा बरोबर शिवणाच्या खोलीवर होता. आत्याचं मशीन रोज चालायचं, खट्‌खट्‌ खटाखट्‌. खाली ताल, वर गाणं आणि मध्ये चार फळ्या! एवढ्याशा अंतरासाठी मी म्हातारा झालो. माझ्या पोटातला रबराचा पट्टा सैल पडला, मग मऊ झाला, मग डांबरासारखा वितळून चाकांना चिकटला. फीत पुढे ओढणारा रूळ दगडासारखा कडक झाला. एका कोळ्याने माझ्या सरकत्या बटणांत संसार थाटला, तीन पिढ्या राहिला आणि कंटाळून निघून गेला. मी तिथेच.

अखेर एके दिवशी चादर निघाली आणि मला दोन डोळे दिसले. भावाची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. जेवताना उभी, अभ्यासाला आडवी, झोपेतसुद्धा पाय झाडणारी. तिच्या बाबांनी माळा साफ करायला काढला होता. कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलाच्या मालकाला भिंतीवर मांडायला जुन्या वस्तू हव्या होत्या, आणि बाबांनी मला त्याला देऊन टाकायचं कबूल केलं होतं. रविवारी तो न्यायला येणार होता.

भिंगरीने माझं झाकण उघडलं, कॅसेट उपसली आणि स्वयंपाकघरातल्या साध्या टेपमध्ये नेऊन घातली.

ऊंऽऽ... बऽऽटऽऽण... एखादा रेडा झोपेत कण्हतोय असा आवाज आला. तिने कॅसेट उलटली. आता शब्दच उलटे, कुणी श्वास आत ओढत बोलल्यासारखे. भिंगरी हसून हसून फरशीवर लोळली. "आत्या, धाव! कॅसेटमध्ये भूत अडकलंय! आणि त्याला सर्दी झालीय!"

मशीन थांबलं. आत्या दारात आली. तिने दाराची चौकट धरली, तसं भिंगरीचं हसू आपोआप ओसरलं.

"ते भूत नाही," आत्याची खरखर आली. "ती मी आहे. बंद कर."

ती परत जाऊन मशीनवर बसली, पण मशीन काही चाललं नाही.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा भिंगरी दारातच बसली होती. बसली होती, हे पाहूनच बाबा घाबरले. तिने सगळं सांगितलं. बाबांनी तिला त्या चार वाटांचं गणित समजावलं आणि म्हणाले, "ती कॅसेट फक्त त्याच यंत्रात नीट वाजते बेटा. आणि ते तर बंद आहे. पट्टा वितळलाय."

"आणि रविवारी तो हॉटेलवाला ते घेऊन जाणार?"

"हो. ताईला विचारलंय मी. तीच म्हणाली, दे."

"आतल्या आत्यासकट?"

 बाबा चप्पल काढायचं विसरून तसेच आत गेले.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने बाबांचा पेचकस घेतला आणि मला उलटं केलं. मित्रांनो, म्हाताऱ्याचं पोट फाडायला एवढीशी मुलगी येते तेव्हा काय वाटतं, ते विचारू नका. कापूस आणि स्पिरिट घेऊन तिने चाकांवरचं डांबर पुसलं. बोटं काळी, नाक काळं, आत्याच्या एका पांढऱ्या चिंधीचं तर वाटोळंच. हेड पुसता पुसता तिचा पेचकस त्या इवल्या स्क्रूवर येऊन टेकला. मी जीव मुठीत धरला. ती वाकली. लाल थेंब दिसला.

"याला नखपॉलिश कुणी लावलं?" ती स्वतःशीच पुटपुटली. "मुद्दाम लावलं असणार." आणि तिने पेचकस उचलला. चष्मेवाल्या बाईंचा शब्द इतक्या वर्षांनी एका पोरीने पाळला.

पट्ट्याच्या जागी तिने भाजीच्या जुडीचं रबर ताणून बसवलं, कॅसेट घातली आणि बटण दाबलं. मी फिरलो! कसा फिरलो ते मात्र विचारू नका. रबर कधी ताणायचं, कधी सैल पडायचं. गाणं लाटेवरच्या होडीसारखं वर खाली होऊ लागलं. थोरली डुलतेय, मधली झोकांड्या खातेय, धाकटी तर पार गटांगळ्या.

शेजारच्या खोलीतून अंगुस्तान वाजलं. टक्‌टक्‌टक्‌. मग आत्या स्वतःच आली, नाकपुड्या फुगलेल्या. आपला आवाज पुन्हा ऐकून ती रडेल, अशी भिंगरीला भीती होती. पण आत्या रडायला आलीच नव्हती. तिने शिवलेला झगा कुणी उलटा घातलेला पाहून ती जशी चिडायची, तशीच चिडली होती.

"धाकटी कधीच बेसूर नव्हती," ती खरखरली. "काढ ते रबर."

"पण आत्या, पट्टाच नाही तर..."

"पट्टा नाही तर माप घ्यायचं. रबर काय लावतेस, ही काय वेणी आहे?"

आत्या खाली बसली. सुईतला दोरा काढून तिने माझ्या चाकांभोवती गुंडाळला, जिथे टोकं मिळाली तिथे चिमटीत धरला आणि कापला. मग त्यातून बोटभर आणखी कापला.

"हा का कापलास?"

"कमरपट्टा जरा घट्टच हवा. नाहीतर घसरतो." आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्या अंगावर हात टेकून तिने खिडक्यांवरची धूळ पदराने पुसली. रूळही तिने हाताळून पाहिला आणि पॉलिश पेपरने हलकेच घासून मऊ केला.

तो दोरा घेऊन भिंगरी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात धावत गेली आणि तेवढ्याच घेराचा चपटा पट्टा घेऊन आली. तो बसवून होतोय तोच रविवार उजाडला आणि हॉटेलवाला दारात हजर झाला.

"बघू माझी वस्तू!" म्हणत तो आत आला. त्याच क्षणी भिंगरीने बटण दाबलं.

मित्रांनो, मी गायलो. थोरली सरळ, मधली सरळ आणि धाकटी पाण्याच्या घोटांमधून सुटलेली, तरी सरळ. बटण गेलं गडगडत. बाबा भिंतीला टेकले. आत्या मान खाली घालून ऐकत होती आणि तिचे ओठ शब्दांबरोबर हलत होते.

हॉटेलवाल्याने कान टवकारले. "हे चालू झालं होय?" तो नाराज होऊन म्हणाला. "मग मला नको. चालू वस्तू ठेवली की गिऱ्हाईकं बटणं दाबत बसतात, चहा गार होतो. मेलेलं काही नाही का?"

त्याला मोडका पंखा दिला. तो खुशीत गेला. पंख्याचं नशीब म्हणा.

भिंगरी मात्र माझ्या खिडक्यांना नाक लावून बसली होती. "आत्या, तीन सुया नाचतायत. ही चौथी का झोपलीय?"

"ती तालाची," आत्या म्हणाली. "राहिली."

"मग देऊया ना आता!"

"नको गं," बाबा घाईने म्हणाले. "भलतं बटण दाबलं गेलं तर? तिघींतली एक जरी पुसली गेली तर परत कुठून आणायची?"

ते खरं होतं. माझ्यात नवा आवाज भरताना जुना पुसला जातो, आणि मी पुसलेलं मला स्वतःलाही आठवत नाही.  आत्याने अंगुस्तान बोटात नीट बसवलं.

"सुईला भ्यायलं तर शिवण होत नाही," ती म्हणाली. "भिंगरी, तू दाब."

आता इथे मी क्षणभर दम खातो आणि तुम्हाला माझं मागणं सांगून टाकतो. यंत्र कामाने झिजतं हे खरं, पण पडून राहून त्याहून जास्त झिजतं. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला अधूनमधून फिरवा, पुसा, झाकून ठेवा. लाल थेंब दिसला तर तिथे हात लावू नका. कुणीतरी तुमच्यासाठी तो जपून सोडलेला असतो. आणि टाकून द्यायचंच ठरवलंत, तर आधी आत कोण आहे ते बघा. माणसांचंही तसंच. ज्याचा आवाज गेला, त्याच्याकडे द्यायला काही उरलं नाही असं समजू नका.

तर पुढे काय झालं? भिंगरीने दारावर गोधडी सोडली. मशीनखाली टॉवेलाची घडी ठेवली, घडीवर माईक ठेवला. हेडफोन आत्याच्या कानांवर बसवले आणि तिचे पांढरे झालेले केस त्यातून अलगद मोकळे केले. आवाज भरायची माझी पहिली तीन बटणं वर आहेत ना, म्हणजे तिघी नुसत्या वाजतील, पुसल्या जाणार नाहीत ना, ते एकेकावर बोट ठेवून मोठ्याने म्हणून पाहिलं, "थोरली बंद. मधली बंद. धाकटी बंद." मग चौथं खाली केलं. लाल दिवा लागला. आत्याने पाय मशीनवर ठेवला. कानात तिघी गाऊ लागल्या असाव्यात, कारण तिचे डोळे मिटले आणि पाय चालू लागला. खट्‌खट्‌ खटाखट्‌. माझी चौथी सुई अडखळली आणि उठली.

माईकला सगळं ऐकू येतं, अगदी कुणी पाय हलवला तरी. हे भिंगरीला कुणी सांगितलं नव्हतं. पण गाणं संपेपर्यंत, ज्या मुलीला झोपेतसुद्धा थांबता येत नसे, ती मुलगी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून, श्वास रोखून, जागच्या जागी बसून राहिली.